जुना डॉग चक, जुनी व्हर्टिकल स्लाइड : साडेतीन फुटी लेथच्या नोंदी

लेथ राजकोट बनावटीचा. बेड साडेतीन फूट, सेंटरची उंची १५० मिमी, एक एचपी सिंगल फेज मोटर, बॅकगिअर (वेग मंद करणारे गिअर) धरून ४५ ते ८०० आरपीएम. लीडस्क्रू (आटे पाडताना टूल सरकवणारा) इंचाला ४ आट्यांचा. स्पिंडल नोज (चक चढवायचं आट्यांचं टोक) दीड इंच, इंचाला ८ आटे, आत एमटी-३ टेपर (निमुळतं भोक), आरपार भोक २० मिमी. सोबत आलेला ट्रू चक, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) धरणारे तीन जॉ (दाते) एकदम सरकवणारा, २०० मिमीचा. हव्या होत्या दोन गोष्टी: वाकडातिकडा जॉब धरायला डॉग चक (चार जॉ, प्रत्येक स्वतंत्र सरकणारा) आणि छोट्या मिलिंगसाठी (फिरत्या कटरने खाचे कापायला) व्हर्टिकल स्लाइड, म्हणजे जॉब वरखाली सरकवणारं टेबल. दोन्ही नव्या घेणं महाग पडलं असतं.

५ जानेवारी २०२५, रविवार

पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार. १६० मिमीचा डॉग चक मिळाला. बॅकप्लेट (चक नोजवर बसवणारी चकती) नाही, चावी नाही. सांगितले ३२००, दिले १९००.

जुनं घेताना ठरवलेला नियम: घरी बनतं ते नसलं तरी चालेल, घरी बनत नाही ते शाबूत पाहिजे. बॅकप्लेट, चावी, बोल्ट, हँडल, गिबची पट्टी (स्लाइडचा सैलपणा घेणारी) घरी होते. चकची बॉडी, जॉचे खाचे, स्लाइडचा डव्हटेल (तिरक्या कडांचा सरकमार्ग) घरी होत नाही. विकणारा दाखवतो ते बहुधा उलट: चकचकीत तोंड, फिरणारं हँडल. त्याने ग्राइंडरला वायरब्रश लावून तासलेलं तोंड बघायचंच नाही, चक उलटा करून मागून बघायचा.

काय काय तपासलं:

प्रत्येक जॉ पूर्ण बाहेर काढून स्क्रूवरचे आटे पाहिले. या चकमध्ये जॉच्या पाठीवर अर्धे आटे असतात. त्यांचे माथे धारदार झाले असतील तर आवळताना एक दिवस ते सटकणार. इथे माथे बोथट पण जाड आहेत. जॉ निम्मा बाहेर ठेवून टोक वरखाली हलवलं. किंचित हालचाल सगळ्या जुन्या चकमध्ये असते, पण टकटक आवाज आला तर खाचा झिजलेला आहे. चारपैकी ३ नंबरचा जॉ थोडा हलतो, बाकी घट्ट. जॉवर नंबर १, २, ३, ४ असे नीट आहेत. डॉग चकमध्ये जॉ स्वतंत्र असल्यामुळे नंबरांची सरमिसळ ट्रू चकइतकी घातक नाही, तरी दुसऱ्या चकचा जॉ खाचात सैल किंवा ताठ बसतो.

बॉडीला दोरीने टांगून पान्याने ठोकलं. घंटेसारखा आवाज राहिला तर बीड (ओतीव लोखंड) सलग आहे. भद्द आवाज आला तर तडा गेलेला आहे. तडे बहुतेक खाचांच्या आतल्या कोपऱ्यातून निघतात, कारण जॉ अति आवळला की ताण तिथेच येतो.

८ जानेवारी, बुधवार

चक पूर्ण सुटा केला. चार स्क्रू मागच्या अर्धचंद्राकृती थ्रस्ट तुकड्यांसह निघतात. हे तुकडे मागून ठोकून बसवलेले असतात आणि प्रत्येक आपल्याच भोकात जातो. म्हणून काढायच्या आधी पंचने एक, दोन, तीन, चार ठिपके.

बॉडीचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, १२ व्होल्ट बॅटरी चार्जरवर काढला. दहा लिटर पाण्याला तीन चमचे सोडा. चक निगेटिव्हला, पॉझिटिव्हला भंगार पत्रा. पॉझिटिव्हला स्टेनलेस लावू नये, पाण्यात क्रोमियम उतरतं आणि ते विषारी असतं. बादली उघड्यावर ठेवायची, बुडबुडे हायड्रोजनचे असतात. स्क्रू आणि जॉ कडक केलेले आहेत, ते यात बुडवले नाहीत. डिझेल आणि ब्रशवरच निभावलं.

बॉडी कोरडी झाल्यावर तड्याची दुसरी तपासणी: डिझेल चोपडलं, दहा मिनिटांनी कोरडं पुसलं, वर खडू घासला. तडा असता तर त्यातलं डिझेल झिरपून पांढऱ्यावर काळसर रेघ उठली असती. पूर्वी याला रॉकेल वापरायचे, आता ते मिळवण्यातच दिवस जातो.

चकच्या मागच्या खोबणीचा व्यास १३०.०४ मिमी, खोली ४ मिमी. बोल्टची भोकं ३/८ इंच, १६ आटे.

१२ जानेवारी, रविवार

बॅकप्लेटच्या आधी नोज मोजायला हवा. पुस्तकातला दीड इंच आणि यंत्रावरचा दीड इंच एकच असतील यावर जुन्या लेथच्या बाबतीत विसंबू नये.

आट्यांचं गेज लावलं: ५५ अंश, ८ आटे, म्हणजे व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश इंची आटे). तीन वायरींनी मोजलं. १.८ मिमीची तीन ड्रिलं, त्यांचे शँक वायरी म्हणून आट्यांत धरले आणि वरून २५-५० चा मायक्रोमीटर. या आट्याला आदर्श वायर १.७९ ची, म्हणजे १.८ अगदी जवळ. हिशोबाने ३८.७२ यायला हवं होतं, आलं ३८.६२. नोज दहा सेंटी बारीक आहे (सेंटी म्हणजे इथे मिमीचा शंभरावा भाग). घाबरायचं कारण नाही, चक आट्यांवर नाही तर मागच्या गोल कॉलरवर आणि खांद्यावर बसतो. कॉलर ४०.०० मिमी, लांबी १२. आटे २८. नोजची एकूण लांबी ४०.

इथे बऱ्याच घरगुती बॅकप्लेट फसतात. आटे घट्ट कापले जातात आणि कॉलर सैल राहते. मग प्लेट दर वेळी वेगळ्या कोनात बसते आणि रनआउट (फिरताना येणारा डोल) कधीच पुन्हा तेवढा येत नाही. आटे सैल, कॉलर घट्ट, खांदा टेकलेला, हा क्रम हवा.

१८ जानेवारी, शनिवार

दोन साधनं आधी.

पहिलं, खोटा नोज. अडचण अशी की बॅकप्लेटचे आटे याच स्पिंडलवर ट्रू चकमध्ये धरून पाडायचे. मध्येच नोजवर चढवून बघायचं तर ट्रू चकच उतरवावा लागतो, आणि उतरवला की जॉब पुन्हा तिथे धरता येत नाही. म्हणून ४५ मिमी एमएस (माइल्ड स्टील) बारमधून नोजची नक्कल. तीन वायरींवर ३८.६७ ठेवला, खऱ्या नोजपेक्षा पाच सेंटी जाड. नक्कल जेमतेम फिरली की खऱ्या नोजवर प्लेट सैल बसणार.

दुसरं, स्पिंडल हाताने फिरवायचा दांडा. ४५ आरपीएमलाही आतले आटे पाडताना टूल वेळेत बाहेर ओढायला हात पुरत नाही. १९.८ मिमी बारचा तुकडा ८० मिमी लांब, मधोमध १०.५ चं भोक, एका टोकाला आतून शंकू, त्याच टोकाला हॅकसॉने ४० मिमी खोल चार चिरा. शंकूचा ठोकळा एम१० च्या स्टडने आवळला की टोक स्पिंडलच्या भोकात फुगून पकडतं. बाहेर १५० मिमीची पट्टी आणि मूठ. हा लावायच्या आधी मोटरचा प्लग सॉकेटमधून काढायचा, स्विच बंद करून भागत नाही. दांडा विसरून मोटर सुरू झाली तर तो हातातच येतो.

१९ जानेवारी, रविवार

भोसरीहून एफजी २६० बीडाचा गोल तुकडा, १७० व्यास, ४५ जाड, सात किलोच्या वर. बॉस (मधला जाड गोल भाग) असलेलं कास्टिंग मिळालं असतं तर बरं. भरीव तुकड्यातून ६५ चा बॉस काढताना तीन किलोपेक्षा जास्त बीड नुसतं किसात गेलं.

ट्रू चकचे जॉ उलटे लावून बाहेरून धरला. मागे जॉच्या पायरीपर्यंत १० मिमी मोकळं ठेवलं, आटे पाडताना टूल तिथे बाहेर निघायला हवं.

बीडाची कातडी कडक असते आणि तिच्यात वाळू असते. पहिला कट २ मिमी खोल घेऊन टोक कातडीच्या खाली ठेवलं. अर्धा मिमीने कातडी खरवडत बसलं तर टूलची धार एका फेरीत जाते. के२० कार्बाइडचं ब्रेझ्ड टूल, ११० आरपीएमच्या आसपास, म्हणजे मिनिटाला ६० मीटरपेक्षा थोडं कमी. एचएसएसने (हायस्पीड स्टीलने) हेच करायचं तर मिनिटाला २० मीटर, म्हणजे ४० आरपीएमखाली यावं लागलं असतं, आणि लेथचा सर्वात मंद वेग ४५.

तेल नाही, पाणी नाही. बीड कोरडंच कापायचं. बेडवरचं तेल आधी पुसून घेतलं आणि वर वर्तमानपत्र टाकलं. बीडाची पूड तेलात मिसळली की लॅपिंग पेस्ट होते आणि बेड झिजतो. मास्क लावला. तरी रात्री रुमालाला काळं येतंच.

बोअर ३४.३. व्हिटवर्थ आट्याची खोली २.०३, म्हणजे पूर्ण आट्याला ३४.०३ लागतं. २५-३० सेंटी मोठं ठेवल्याने आट्याचा माथा थोडा बोथट होतो, पकड कमी होत नाही, टूलवरचा जोर मात्र कमी होतो. कॉलरचा बोअर ४०.०२, खोली १२.५.

२५ जानेवारी, शनिवार

आटे. २० मिमी बोरिंग बार, ६ मिमी एचएसएस बिट ५५ अंशात घासलेला. लीडस्क्रू ४ आट्यांचा, पाडायचे ८, म्हणजे पट पूर्ण येतो, हाफनट (लीडस्क्रू पकडणारा दुभंग नट) कुठेही लावला तरी टूल त्याच आट्यात पडतं. पण हाताने फिरवताना हाफनट सोडलाच नाही. टूल आत आणून दांडा मागे फिरवत परत आणायचं, पुन्हा कट.

पहिले कट १० सेंटीचे, खोली सव्वा मिमी झाल्यावर ५ सेंटीचे. शेवटी खोली न वाढवता दोन फेऱ्या, कारण बार लवतो आणि मागे सरतो. १.९ मिमीला खोटा नोज दोन आटे शिरला, आणखी दोन कटांत पूर्ण फिरला.

एक चूक लिहून ठेवण्यासारखी. मधल्या एका फेरीत बीडाची पूड आट्यात साठली आणि नक्कल अडकली. कट अपुरा समजून पुढचा घेतला तर तो जास्त झाला असता. ब्रशने आतून साफ करून मगच गेज लावायचा. आटा मोजायच्या आधी ब्रश, दर वेळी.

२६ जानेवारी, रविवार

प्लेट उलटी करून खऱ्या नोजवर चढवली. खांद्याला टेकली. मागे फीलर गेज ०.०३ चा जात नाही. उरलेलं सगळं तिथेच, म्हणजे स्पिंडलशी शंभर टक्के एककेंद्री: कड १६०, तोंड, आणि चकच्या खोबणीत बसणारा उंचवटा १२९.९८, उंची ३.५. खोबण ४ खोल आहे म्हणून उंचवट्याचं तोंड आत टेकत नाही, चक मागच्या कडेवर बसतो. प्लेटची जाडी ४२ राहिली. नोज ४० चा, म्हणजे चकमध्ये घुसत नाही.

डॉग चकला उंचवटा इतका नेमका लागत नाही, कारण सेंटर जॉने काढायचं असतं. ट्रू चकच्या बॅकप्लेटला मात्र हाच वेळ घालवावा.

भोकांच्या खुणा: ३/८ चे चार बोल्ट, डोकी कापली, लेथवर ६० अंशाचं टोक काढलं, टोकाजवळ दोन सपाट बाजू घासल्या. चकच्या भोकांत फिरवून टोकं २ मिमी बाहेर ठेवली, चक प्लेटवर दाबून रबरी हातोड्याने एक ठोका. चार ठिपके मिळाले. भोकं १०.५ ने. सपाट बाजू नसत्या तर हे बोल्ट पान्याने परत निघाले नसते.

२ फेब्रुवारी, रविवार

चाव्या दोन. डॉग चकला समोरासमोरच्या दोन जॉना एकाच वेळी दोन चाव्या लावल्या की सेंटर काढणं निम्म्या वेळात होतं. एक सोडत जायचा, दुसरा तेवढाच आवळत. ईएन८ पोलादाचा १६ मिमी बार, टोकाला ९.५ चा चौरस कानशीने, लाल करून तेलात, मग निळा येईपर्यंत परत तापवून. चौरसाच्या मुळाशी कडक कोपरा ठेवला नाही, तिथे गोलाई दिली. नाहीतर चावी तिथेच पिळवटते. टोकाभोवती स्प्रिंग, म्हणजे हात सोडला की चावी चकमधून बाहेर पडते.

जुन्या बीडाचा चक ८०० ला फिरवायचा नाही. बॅकगिअर आणि ४०० पर्यंत.

९ फेब्रुवारी, रविवार

भोसरीच्या एका भंगार दुकानात व्हर्टिकल स्लाइड. टेबल १०० बाय १२५, दोन टी-स्लॉट, चाल ९० मिमी. गिब नाही, स्क्रू वाकडा, नट झिजलेला. २६००. दुकानदार म्हणाला “स्लाइड एकदम ओके, फक्त पट्टी टाका.” पट्टी हा सगळ्यात किरकोळ भाग होता.

घेतानाची चाचणी: स्क्रू काढून टेबल हाताने वरून खाली सरकवलं. गिब नसल्यामुळे बोटाने एका बाजूला दाबत सरकवायचं. मध्यात हललं आणि टोकांना ताठ झालं तर झीज मधोमध आहे. हललं. म्हणून भाव खाली आला.

गिबच्या स्क्रूंची भोकं ५/१६ व्हिटवर्थ, १८ आटे. एम८ चा स्क्रू यात दोन फेरे गोड जातो आणि मग अडतो. मागच्या मालकाने एका भोकात तो पान्याने ढकललेला दिसतो, तिथले आटे गेले. ते भोक एम१० ला मोठं केलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

डव्हटेलच्या दोन्ही कोपऱ्यांत ६ मिमीच्या दोन पिना धरून बाहेरून मोजलं. वर ७८.४२, मध्ये ७८.३१, खाली ७८.४३. अकरा-बारा सेंटीचा फरक. गिब मध्यात बरोबर आवळला तर टोकांना टेबल चालणार नाही. टोकांना चालेल असा ठेवला तर मध्यात कटर टेबल हलवेल. गिबने हा दोष जात नाही, टोकं खाली आणावी लागतात.

स्क्रॅपर (हाताने खरवडायचं हत्यार) जुन्या कानशीचा. दोन्ही बाजूंचे दात ग्राइंड करून टोकाला हलकी गोलाई. ग्राइंडरवर टोक निळं पडलं की तेवढा भाग मऊ झाला, तो घासून टाकायचा. सपाटीचा आधार १२ मिमी जाड काचेचा, ३०० बाय ३०० चा तुकडा. काच टेबलावर तीन रबरी तुकड्यांवर ठेवली, चारवर ठेवली की ती लवते. डव्हटेलच्या कोपऱ्यात जायला २५ बाय १२ ब्राइट फ्लॅटची एक कड ५५ अंशात घासली आणि तिचं तोंड काचेवर ब्लू (उंच जागा दाखवणारा निळा रंग) लावून जुळवलं.

आधी सपाट रेल, मग तिरक्या बाजू. एका फेरीत जेमतेम ४-५ मायक्रॉन निघतं. प्रत्येक तिरक्या बाजूला आठ-नऊ फेऱ्या, फक्त टोकांना. शेवटी ७८.३४, ७८.३१, ७८.३४. इथे थांबलो. आणखी तीन सेंटीसाठी आणखी एक रविवार घालवण्यात अर्थ नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

स्क्रू अर्धा इंच, चौकोनी आटे, इंचाला १०. दोन व्ही-ब्लॉकवर डायलने ०.४ वाकडा. उंच बाजू वर ठेवून, आट्यांवर तांब्याचा तुकडा देऊन बेंच व्हाइसमध्ये थोडा थोडा दाबला. ०.०५ वर आला.

नटाला चौकोनी टॅप बाजारात सहज मिळत नाही. ॲसिटल (एक कडक प्लास्टिक) वापरलं. २५ मिमीचा तुकडा, मधोमध १०.२ चं भोक (स्क्रूचा गाभा १०.१६), उभा चिरून दोन अर्धे. स्क्रूला साबण चोपडून दोन्ही अर्धे त्यावर ठेवले आणि व्हाइसमध्ये हलके धरले. गॅस टॉर्चने प्लास्टिकला नाही, स्क्रूच्या बाहेर राहिलेल्या दोन टोकांना उष्णता दिली. ॲसिटल १६५-१७५ अंशांना वितळतं. ते मऊ पडू लागलं की व्हाइस हळूहळू आवळायचा, अर्धे आट्यांत बसतात. पिवळं पडू लागलं किंवा डोळे चुरचुरले तर फॉर्मल्डिहाइड निघतंय, टॉर्च बंद. खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने.

तासभर तसंच थंड होऊ दिलं. गरम असताना काढलं तर आकसून आट्यांचा पिच बिघडतो. नटाच्या घरात बसवून ग्रब स्क्रू लावला, तेल घालून तीस-चाळीस वेळा वरखाली. खेळ आधी ०.६ मिमी होता, आता डायलवर दोन रेघा, म्हणजे पाच सेंटी. डायल शंभर रेघांचा, एक रेघ एक थाउ (इंचाचा हजारावा भाग).

२ मार्च, रविवार

गिब ४ मिमी पितळी फ्लॅटची. दोन्ही कडा डव्हटेलच्या कोनाला घासल्या. स्क्रूंचे खळगे वेगळे मोजून पाडले नाहीत. पट्टी जागेवर बसवून, टेबल बरोबर मध्यावर ठेवून, स्क्रूच्या भोकांतूनच ड्रिल घालून २ मिमी खोल पाडले. मोजून पाडले की अर्ध्या मिमीच्या चुकीनेही स्क्रू पट्टीला पुढे-मागे ढकलतो आणि ती तिरपी अडकते.

बेस: वरची टॉप स्लाइड काढली, तिच्या गोल खोबणीत बसणारी चकती आणि वर २० मिमी जाडीची प्लेट. पहिल्यांदा हॉट रोल्ड प्लेट घेतली, ती काचेवर ०.३ डुलते. बोल्ट आवळले की स्लाइड वाकते आणि आधीचं स्क्रॅपिंग वाया जातं. दोन्ही तोंडं डॉग चकमध्ये धरून टर्न केली, आता ०.०२. डॉग चकचं पहिलं खरं काम हेच निघालं.

८ मार्च, शनिवार

एंडमिल (मिलिंगचा कटर) ट्रू चकमध्ये धरायची नाही. शँक कडक आणि गुळगुळीत, जॉ तीनच, हेलिक्समुळे कटर स्वतःला बाहेर ओढतो आणि स्लॉट पुढे पुढे खोल होत जातो. एमटी-३ कोलेट (शँक चहूबाजूंनी पकडणारी बाही), जुन्या बाजारातूनच सुटे तीन: ६, ८, १०. मागे एम१२ आटे आहेत. ड्रॉबार (कोलेट मागे ओढून धरणारी दांडी) एम१२ च्या थ्रेडेड रॉडचा, स्पिंडलच्या मागच्या टोकाला पायरीची बुश, त्यावर नट.

टेपरला ब्लू लावून पाहिलं तर मधोमध एक उंच ओरखडा, कधीतरी सेंटर आत फिरलेला. एमटी-३ रीमर हाताने, अगदी हलका, फक्त ओरखडा जाईपर्यंत. कोलेट काढताना नट दोन फेरे ढिला करून डोक्यावर पितळी हातोड्याचा ठोका. नट पूर्ण काढून ठोकलं तर ड्रॉबारचे शेवटचे आटे चिरडतात.

९ मार्च, रविवार

टेबल स्पिंडलला काटकोनात आहे का, ते स्पिंडलमध्ये डायल धरून टेबलावर गोल फिरवून पाहिलं. १०० मिमीत ०.०४. बेसखाली एका बाजूला ०.०२ चा शिम (पातळ पत्रा) घातल्यावर ०.०१.

पहिला स्लॉट: एमएस ४० बाय १२, ८ मिमी रुंद, ४ खोल. दोन धारेचा स्लॉट ड्रिल, ८०० आरपीएम. चार धारेचा घेतला तर तो रुंदी खातो. एका फेरीत ०.५, आठ फेऱ्या. कट घ्यायच्या आधी व्हर्टिकल स्लाइडच्या गिबचा मधला स्क्रू आवळून टेबल लॉक, कॅरेजही लॉक, फीड फक्त क्रॉस स्लाइडने. कडेने कापताना जॉब कटरच्या फिरण्याविरुद्ध सरकवायचा, नाहीतर क्रॉस स्लाइडचा खेळ कटर एका झटक्यात खातो आणि धार मोडते.

रुंदी ८.०६. ०.७५ च्या कटला थरथर आली. टेबल खालच्या टोकाला नेल्यावर कमी झाली, म्हणजे जास्त भाग डव्हटेलमध्ये राहतो. जॉब पॅकिंगवर उंच धरायचा आणि टेबल खाली ठेवायचं.

गिबचा मधला स्क्रू चार फेऱ्यांत ढिला होतो. ५/१६ व्हिटवर्थचा पातळ चेकनट नाही, जाड नट चिरून लेथवर ४ मिमीचे तीन काढायचे आहेत.